एका ताटातला अबोला

नाकाडोंगरीच्या पंचफुलाबाई घरडे यांच्याबद्दल गावात दोन गोष्टी ठामपणे सांगितल्या जात. एक म्हणजे त्यांच्या हातच्या लाखोळीच्या वरणाला पंचक्रोशीत तोड नव्हती. दुसरी म्हणजे त्या गप्प असतात त्या फक्त झोपेत, आणि तेही नवरा तेजराम सांगतो म्हणून मानायचं. तेजराम चिखल्याच्या खाणीत कामाला. सुरुंगांच्या आवाजानं त्याचे कान मंदावलेले. गावातल्या बायका म्हणत, कंपनीनं तेजरामवर केलेला हा एकमेव उपकार.

अशा बाईला मौनाच्या प्रार्थनाघरात स्वयंपाकीण म्हणून नेमलं, ह्यात दोष कुणाचा? फादर मथायांचा म्हणावा, तर ते बिचारे केरळचे. पुण्यात राहून पुस्तकावरून मराठी शिकलेले. कुणाच्या बोलण्यावरून स्वभाव ओळखण्याइतकी भाषा अजून त्यांच्या कानात मुरली नव्हती.

फादर आले ते चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्यानंतर. गावाबाहेर, जंगलाला लागून, एका जुन्या मँगनीज ठेकेदाराचा बंगला वटवाघळांच्या ताब्यात होता. चर्चच्या वरिष्ठांनी फादरांना तो बंगला दिला, आशीर्वाद दिला आणि आणखी काही दिलं नाही. फादरांनी स्वतः बांबूला झाडू बांधून वटवाघळं हाकलली, भिंतींना चुना लावला आणि दारावर पाटी ठोकली : ‘प्रार्थना व मौन साधना केंद्र’. गाव पाटी वाचायला जमलं. कुणी म्हणालं दवाखाना निघणार, कुणी म्हणालं शाळा. शेवटी भैय्याजी पाटलांनी गावाच्या वतीनं विचारलं,

“फादर, इथं होनार काय?”

“इथे नागपूर, गोंदिया, बालाघाट येथून लोक येतील. शांत बसतील. आणि परत जातील.”

“बस?”

“बस.”

भैय्याजींनी विचार केला. “बसाची सोय नागपुरात नाही काय?”

फादर पाटीचा खिळा पुन्हा एकदा ठोकायला वळले.

पंचफुलाबाई स्वयंपाकाचं विचारायला गेल्या तेव्हा त्यांनी आधी आपलीच मुलाखत घेऊन टाकली. “हे पाहा फादर, मी बौद्ध आहो. छप्पन साली आमच्या घरानं धर्म बदलला, एकदाच, पन पक्का. आता पुन्हा बदलाचा इचार असन, तं दुसरी बाई पाहा.”

फादर हात जोडून म्हणाले, “बाई, मला केवळ भात हवा आहे.”

त्यानंतर त्या घरात धर्माची चर्चा झाली नाही. भाताची मात्र रोज झाली.

आता पंचफुलाबाईंच्या घरचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिथूनच सुरू होतं. तेजराम आणि त्याचा धाकटा भाऊ खुशाल यांचं एकाच मांडवात लग्न झालेलं. पंचफुला थोरली जाऊ, बेबी धाकटी. एक अंगण, एक विहीर, दोन चुली. दोघी एकमेकींच्या केसांत तेल घालत, एकमेकींच्या नवऱ्यांना नावं ठेवत. म्हणजे जावांच्या नात्यात जितकं प्रेम बसतं तितकं सगळं होतं. पंचफुलाला मूल झालं नाही. बेबीची वनमाला दोन घरांत वाढली. जेवायची इकडं, झोपायची तिकडं. रागावली की उलट करायची.

आणि मग ती कोंबडी. पंचफुलाची लाल कोंबडी रोज अंगण ओलांडून बेबीच्या टोपल्यात जाऊन अंडं घालायची. बेबीनं आपली कोंबडी त्या अंड्यांवर बसवली. पिल्लं निघाली, तेव्हा पंचफुला हक्क सांगायला आली. अंडी कोंबडीची की टोपल्याची? पंच बसले. पण पंचांनाही घरी बायका होत्या आणि प्रत्येकीचं ह्यावर मत होतं. ते निर्णय न देताच उठले. भांडण अंगणात परत आलं, आवाज चढले, आणि त्या भरात बेबीच्या तोंडून गेलं, “ज्याले लेकरं नाही, त्याले पिल्लं कायले पाह्यजेत?”

बोलली आणि तिनं लगेच जीभ चावली. पण शब्द गेला तो गेला. पंचफुला सूप उचलून घरात गेली.

त्या दिवसापासून दोघींचा अबोला. बेबीनं आपण होऊन तोंड उघडल्याशिवाय आपण उघडायचं नाही, असं पंचफुलानं ठरवलं. बेबीला तोंड उघडायची लाज वाटत होती, आणि लाज जितकी जुनी होते तितकी जड होते. गावात अबोला म्हणजे संवाद बंद असं मात्र कुणी समजू नये. अबोल्यात बोलणं दुप्पट होतं, फक्त ते तिसऱ्याला सांगायचं असतं. “बकरे, तुह्या मालकिनीले सांग, इहिरीवरची बादली माही आहे.” पलीकडून उत्तर यायचं, “बकरे, सांग तिले, बादलीवर नाव लिवलं नाही म्हना.” बकरी दोन्ही बाजूंचा पाला खाऊन तटस्थ राही.

पंचाहत्तरच्या आरंभी पहिलं शिबिर ठरलं. नागपूरहून आठ सिस्टर आल्या, तिरोडीच्या गाडीनं, पेट्या घेऊन. फादरांनी पंचफुलाबाईंना आदल्या दिवशी समजावलं, “उद्यापासून तीन दिवस इथे कोणी कोणाशी बोलणार नाही. आपणही बोलू नये. कारण विचारू नये.”

कारण विचारायची गरजच नव्हती. पहिल्या दुपारी पंगतीत आठ बाया खाली मान घालून, एकमेकींकडं न पाहता, मीठ हवं तर बोटानं दाखवून जेवल्या. पंचफुलाबाई वाढता वाढता थांबल्या. हे त्यांना चांगलं ओळखीचं होतं. एका घरात राहणाऱ्या आठही बायांचा अबोला! आणि हा फादर, भला माणूस, त्यांना इतक्या लांब जंगलात घेऊन आला, म्हणजे प्रकरण किती वर गेलं असेल! भांडणाचं मूळ कुठं आहे, हेही त्यांनी संध्याकाळपर्यंत शोधलं. एक जाडशा थोरल्या सिस्टर होत्या आणि एक काटकुळ्या धाकट्या. थोरल्या दारातून आल्या की धाकट्या खिडकीकडं तोंड करत.

गावात अबोला तोडायची एक रीत होती. दोघींना एका ताटात बसवायचं. ताटाला धक्का न लावता दोघींनी भात संपवायचा. घास उचलताना हाताला हात लागतो, आणि हात लागला की तोंड उघडतं. मात्र बसवणारी बाई तिसरी हवी आणि वयानं मोठी हवी. स्वतःच्या घरी पंचफुलाबाईंना अशी तिसरी कुणी उरली नव्हती, सासू वारली होती. इथं मात्र तिसऱ्या त्याच होत्या.

दुसऱ्या दुपारी पंगतीत आठ ताटांऐवजी चार परातीच आल्या. एकेका परातीत भाताचा डोंगर, मधे वरण, बाजूला वांग्याची भाजी, आणि दोघी दोघींत एक परात. थोरल्या आणि काटकुळ्या सिस्टरांपुढची परात पंचफुलाबाईंनी स्वतः ठेवली आणि कमरेवर हात ठेवून समोर उभ्या राहिल्या. सिस्टरांनी फादरांकडं पाहिलं. फादरांनी छताकडं पाहिलं. मौन पाळायचं तर हरकत घ्यायची कशी? आठ सुशिक्षित बाया निमूट एकेका परातीत हात घालून बसल्या. थोड्या वेळानं काटकुळ्या सिस्टरांचा हात थोरल्यांच्या हाताला लागला. त्यांनी तो मागं घेतला. पुन्हा लागला. मग त्यांच्या खांद्यांना हिसका बसला. आधी वाटलं ठसका लागला, मग वाटलं हसतात, आणि मग त्या रडायला लागल्या. थोरल्या सिस्टरांनी डाव्या हातानं त्यांची पाठ थोपटली आणि उजव्या हातानं जेवण चालू ठेवलं.

तिसऱ्या दिवशी मौन सुटलं तेव्हा कळलं की दोघींचं खरंच दोन वर्षं पटत नव्हतं. एका शाळेच्या नाटकात परीचा पोशाख कुणी शिवायचा, ह्यावरून. थोरल्या सिस्टर फादरांना म्हणाल्या, “आजवर इतकी शिबिरं केली, पण असं काही झालं नाही. ही पद्धत कोणत्या संतांची?”

फादर मथाई खोटं बोलत नसत. ते म्हणाले, “संत पंचफुला. या अद्याप जिवंत आहेत.”

नागपुरात बातमी गेली आणि केंद्र चाललं. पुढच्या उन्हाळ्यात शिक्षक आले, मग गोंदियाची जोडपी, मग बालाघाटचे एक निवृत्त स्टेशनमास्तर, जे स्वतःच्या मुलाशी बोलत नव्हते आणि त्यासाठी मुलालाच सोबत घेऊन आले होते. बंगल्यामागं ॲस्बेस्टॉसच्या पत्र्याच्या खोल्या उठल्या. पत्रकात छापून आलं, ‘येथील विशेष : एकताट-साधना’. परातीत जेवून गेलेले लोक घरी जाऊन परात विकत घेत आणि मग ती फळीवर ठेवून देत. गावकऱ्यांना ह्या सगळ्याचं हसू येई. भैय्याजी म्हणत, “आमच्या घरी तं भांडे कमी म्हनून रोजच एकताट-साधना राहाते. आमाले कोनी पावती देत नाही.”

माणसं वाढली तसा एका बाईनं स्वयंपाक आवरेना. फादरांनी गावात चांगली जोडीदारीण शोधली आणि मोठ्या कौतुकानं स्वयंपाकघरात आणून उभी केली. ती बेबी होती.

त्या क्षणी पंचफुलाबाईंचं तोंड कसं झालं ते पाहून फादर दोन पावलं मागं सरले. पण काम सोडायचं नाही, हे दोघींनी एकाच वेळी, वेगवेगळं ठरवलं. आणि केंद्रात बकरी नव्हती.

“फादर, तिले सांगा, भाताचा गंज उतरव म्हना.”

फादर वळून सांगत, “बेबीबाई, भाताचे पातेले उतरवावे अशी विनंती आहे.”

“फादर, सांगा तिले, अजून शिजला नाही. डोये फुटले काय म्हना.”

फादर घाम पुसत. “त्या म्हणतात, थोडा वेळ लागेल.”

“असं नाही बोलली ते! म्या आयकलं.”

“आयकलं तं तुमाले कायले इचारते, फादर?” बेबी चुलीकडं तोंड करून म्हणे.

ह्या मधल्या कामानं फादर मथायांची मराठी पुस्तकातून बाहेर पडली. ते पुढं इकडची झाडीबोली चांगली बोलायला लागले, हे केंद्राचं पहिलं खरं धर्मांतर. नागपूरच्या सभेत ते एकदा बोलता बोलता “कायले” म्हणाले आणि सगळी सभा हसली. त्यांना एकाच गोष्टीचं कोडं पडे. त्यांनी एकदा पंचफुलाबाईंना विचारलंच, “साऱ्या दुनियेले एका ताटात बसवता. तुमी दोघी काहून बसत नाही?”

“आमाले बसवाले तिसरी कोन आहे, फादर?”

“मी आहो ना.”

पंचफुलाबाईंनी त्यांना आपादमस्तक पाहिलं. “तुमी बाई नाही.”

ब्याऐंशीत फादर मथायांची बदली झाली. त्यांच्या जागी मुंबईहून फादर रिबेलो आले. तरुण, उंच, गिटार वाजवणारे. त्यांना पहिल्याच आठवड्यात मौन कंटाळवाणं वाटलं. “लोकांना बोलू दे, गाऊ दे, टाळ्या वाजवू दे! आपल्याला मोठा विचार करायला हवा.” मग मोठा विचार सुरू झाला. मंडप आला, जनरेटर आला, कर्ण्यासारखे दोन लाउडस्पीकर निंबाच्या झाडाला बांधले गेले आणि ‘मौन’ हा शब्द पाटीवरून निघाला. तुमसरहून गाड्या भरून लोक यायला लागले. भजनांच्या आवाजानं जंगलातली रानडुकरं धानाच्या बांध्यांत उतरली आणि बांध्यांतली पाखरं जंगलात गेली.

एकताट-साधना त्यांनी ठेवली, पण सुधारली. कावीळ पसरेल म्हणून नागपुरातून खास ताटं घडवून आणली : मोठं गोल स्टीलचं ताट आणि मधोमध उभी पट्टी. दोघांनी आपापल्या अर्ध्यात जेवायचं. पंचफुलाबाईंनी पट्टीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “हे एक ताट कायचं? हे तं भावाभावाची वाटनी झाली.”

चौऱ्याऐंशीत केंद्राला दहा वर्षं होणार म्हणून तीन दिवसांचा मोठा मेळावा ठरला. त्याच सुमाराला वनमालाचं लग्न सिहोऱ्याच्या आनंदराव गणवीरांच्या मुलाशी जुळलं. मेळावा आधी, लग्न महिन्यानं. आणि पंचफुलाबाईंची झोप उडाली. लग्नाचं आवतन तोंडानं द्यावं लागतं. कागदाचं आवतन परक्यांना. ज्या पोरीला त्यांनी मांडीवर झोपवलं, तिच्या अंगाला हळद लावायला त्या जातील, पण बेबीनं तोंडानं बोलावलं तर. न बोलावता जाणं म्हणजे दहा वर्षांचा मान अंगणात सांडणं. न जाणं म्हणजे, छे, त्या विचाराशी त्या थांबत. वनमाला दोन्ही घरांत पाय आपटत फिरे. “तुमी दोघी मेल्यावर बोलजा मंग! एकाच सरणावर ठेवाले सांगतो मी!”

बेबी रोज ठरवायची, आज सांगायचं. रोज अंगण अर्धं ओलांडायची आणि विहिरीवरच वळायची.

ही सगळी हकिकत फादर रिबेलोंच्या कानावर आली. ते आनंदानं उभेच राहिले. केंद्राच्या दोन स्वयंपाकिणी, दहा वर्षं अबोला! मेळाव्यात ह्याहून चांगली साक्ष कोणती? त्यांनी दोघींना वेगवेगळं सांगितलं की मंचावर सत्कार आहे. सत्काराला कोण नाही म्हणतं? पंचफुलाबाई हिरवं लुगडं नेसल्या, बेबी निळं.

शेवटच्या दिवशी मंडप माणसांनी फुलला होता. तिसऱ्या रांगेत सिहोऱ्याचे आनंदराव गणवीर बायकोसकट बसले होते. होणाऱ्या विहीणबाईंचा सत्कार आहे म्हणून वनमालानंच मोठ्या हौसेनं निरोप धाडला होता. मंचावर दोघी पोहोचल्या तेव्हा हार कुठंच दिसेना. टेबलावर भाताचं ताट होतं, पट्टीवालं, आणि दोन खुर्च्या.

फादर रिबेलोंनी माईक घेतला. “बंधूभगिनींनो! ह्या दोन बहिणी एका अंगणात राहतात. दहा वर्षं एकमेकींशी बोलल्या नाहीत! का? कारण ह्या धाकट्या बहिणीनं,” त्यांनी बेबीकडं हात केला, “ह्या थोरल्या बहिणीची अंडी चोरली!”

निंबावरच्या कर्ण्यांनी ‘चोरली’ हा शब्द शेजारच्या गोबरवाहीच्या दिशेनं पाठवला.

बेबीची मान खाली गेली. तिसऱ्या रांगेत आनंदरावांच्या बायकोनं आनंदरावांना कोपरानं ढोसलं आणि दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. ते पाहणं पंचफुलाबाईंनी मंचावरून टिपलं. असं पाहून लग्नं मोडतात, हे त्यांना माहीत होतं.

त्या उठल्या आणि फादरांच्या हातातून माईक घेतला. मागितला नाही, घेतला.

“कोन म्हनते चोरली? फादर, तुमी तवा होते काय? टोपलं तिचं, जागा तिची, उबवनारी कोंबडी तिची. अंडे तिचेच होते! म्याच उगाच भांडली. माह्या जाऊनं आजलोग कोनाच्या झाडाचा आंबा उचलला नाही. आयकून घ्या साऱ्यायनं, सिहोऱ्यावाल्यायनं बी!”

लोक टाळ्या वाजवणार, एवढ्यात बेबीनं मान वर केली. तिचे डोळे भरले होते आणि त्या डोळ्यांत चक्क राग होता.

“काहून खोटं बोलून राहिली वं बाई?”

दहा वर्षांनी आलेला पहिला शब्द.

“अंडे तुहेच होते! लाल कोंबडी तुही होती. म्या रोज पाहाची तिले येताना. माहीत होतं मले!”

“तुले काय माहीत! टोपलं…”

“टोपल्यात काय राह्यते वं? टोपलं अंडे देते काय?”

“तुहेच होते म्हनलं ना!”

“नाही! तुहे!”

मंडपात कुणाला काय करावं कळेना. चार हजार माणसांसमोर दोन बायका अंडी एकमेकींच्या गळ्यात मारायला भांडत होत्या. फादर रिबेलो मधे येऊन, “अलेलुया! आता एकमेकींना घास…” म्हणत होते, पण घासाला कुणाचा हात रिकामा नव्हता.

मग बेबी थांबली. आवाज उतरवून म्हणाली, “अन् तवा मी ते जे दुसरं बोलली ना, बाई… ते लेकराचं…”

पंचफुलाबाईंनी माईकवर तळहात गच्च दाबला.

“ते माईकवर नाही,” त्या म्हणाल्या.

पुढचं काय बोलणं झालं ते मंडपात कुणालाच ऐकू आलं नाही. दोन डोकी जवळ आली, हिरवा पदर आणि निळा पदर हलले, कुणीतरी कुणाचं तरी नाक पुसलं. फादर रिबेलो माईक मागत हात पुढं करून उभे होते. मेळाव्याची सगळ्यात मोठी साक्ष चालू होती आणि ती लोकांपर्यंत पोहोचत नव्हती. पट्टीच्या ताटातला भात तसाच निवला.

आनंदरावांच्या बायकोनं पुन्हा नवऱ्याला ढोसलं. “चांगल्या घरची पोरगी आहे,” ती म्हणाली. “नाहीतं आजकाल जावा जावा कोनी असं बोलतेत काय?”

घरी जाताना, बांधावरून, पंचफुलाबाईंनी मुद्दाम सरळ पुढं पाहत विचारलं, “मंग आवतन?”

“कायचं आवतन?”

“लग्नाचं.”

बेबी थबकली. “घरच्या मानसाले आवतन कोनी देते काय वं? पागल झाली काय? उद्या सकाळी हयद कुटाले लाग, मोठ्ठी पावनी!”

लग्न झालं, वनमाला सिहोऱ्याला गेली, आणि दोघी जावा कामावर परतल्या. केंद्राच्या पत्रकात ‘दहा वर्षांचे मौन सुटले’ असा मथळा आला आणि माणसं आणखी वाढली. इतकी, की गोंगाटाला कंटाळलेल्या जुन्या सिस्टरांनी वर अर्ज केला आणि फादर रिबेलोंना आज्ञा झाली की वर्षातून एकदा तरी मूळचं मौन-शिबिर घ्यावं. लाउडस्पीकर उतरले. आठ-दहा सिस्टर आल्या, डोळे मिटून बसल्या. आणि स्वयंपाकघरातून दहा वर्षांचं तुंबलेलं बोलणं सुरू झालं : कुणाची म्हैस कुठं गेली, सासू मरताना काय म्हणाली, त्या साली पाऊस कधी आला, आणि “तवा तू निळं लुगडं घेतलं ना, तवा मले सांगाचं होतं वं, रंग चांगला नव्हता.” प्रार्थनेच्या खोलीत शब्द न् शब्द ऐकू जात होता. काही सिस्टर डोळे मिटूनच पुढं सरकून बसल्या, नीट ऐकू यावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी फादर रिबेलो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांनी हात जोडले.

“बाईंनो, फक्त तीन दिवस. तीन दिवस अबोला धरा. मी पाया पडतो.”

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं.

“बेबी,” पंचफुलाबाई म्हणाल्या, “फादरले सांग, आमाले जमन नाही म्हना.”